धरणाचा हिशेब

'हिशेब' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तुम्ही त्याला 'हिसाब' म्हणता. जमीन, नकाशा, मजूर हे शब्दही असेच दोन्ही भाषांत नांदणारे. आज आपण अशा एका माणसाविषयी बोलू, ज्यांचे सारे आयुष्य जमीन, नकाशा, मजूर आणि हिशेब यांतच गेले. त्यांचे नाव मीर अहमद अली. लोक त्यांना नवाब अली नवाज जंग बहादूर या किताबाने ओळखतात.

त्यांचा जन्म ११ जुलै १८७७ रोजी झाला. हैदराबाद संस्थानाची शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले व कूपर्स हिल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. परत आल्यावर ते संस्थानाच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि पुढे मुख्य अभियंता झाले. आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. म्हणून अली नवाज जंग हे आपल्याला परके नाहीत.

त्या काळी पाण्याने हैदराबादकरांना मोठा धडा दिला होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे मेली, घरेच्या घरे वाहून गेली. तेव्हा पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नाव कमावलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले. शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय झाले. सल्ला देणारे विश्वेश्वरय्या आपल्या कामाला निघून गेले. काम तडीस नेले ते संस्थानातल्या अभियंत्यांनी. त्यांत अली नवाज जंग यांचा वाटा मोठा होता. या जलाशयांनी पूर अडवला आणि शहराला पिण्याचे पाणीही दिले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे मांजरा नदीवरील निजामसागर. १९२३ मध्ये सुरू झालेले हे दगडी धरण १९३१ मध्ये पूर्ण झाले. त्याची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे. सुमारे पावणेतीन लाख एकर जमीन भिजावी, असा बेत होता. पाऊस नाही आला तर काय, या धास्तीत जगणाऱ्या निजामाबाद भागात भात आणि ऊस डोलू लागला. बोधनजवळ शक्करनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे धरणाच्या पाण्यावर लहानसे वीजकेंद्रही चालू झाले.

तुंगभद्रेच्या पाण्यावरून हैदराबाद आणि मद्रास यांच्यात वर्षानुवर्षे बोलणी चालली होती. त्या बोलण्यांत हैदराबादची बाजू मांडण्याचे कामही अली नवाज जंग यांनी केले. अखेर १९४४ मध्ये समझोता झाला. धरण बांधले गेले आणि त्याच्या दोन्ही तीरांवर वीज तयार होऊ लागली. १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमण्यात आली. तिच्या पाटबंधारेविषयक उपसमितीचे अध्यक्षपद अली नवाज जंग यांनी सांभाळले. १९४९ मध्ये ते वारले.

इथवरचा हिशेब फक्त जमेचा झाला. पण वहीला दुसरी बाजूही असते. निजामसागरासाठी सुमारे चाळीस गावे उठवावी लागली. त्या गावांत घरे होती, शेते होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी होत्या. बोधनच्या उसाला पाणी मिळाले, ते कोणाच्या तरी अंगणावरून वाहत गेले. म्हणून काही लोक म्हणतात, धरणे बांधूच नयेत. दुसरे म्हणतात, देशाच्या भल्यासाठी थोड्यांनी सोसलेच पाहिजे. मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. धरणे नसती तर दुष्काळात किती माणसे उपाशी मेली असती, हे पहिले विसरतात. आणि 'थोड्यांनी सोसावे' असे म्हणणारा स्वतः त्या थोड्यांत क्वचितच असतो. ज्याचे गाव गेले, त्याचे नाव हिशेबात सर्वांत आधी लिहिले पाहिजे. त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन आणि पाण्यात वाटा मिळाला, तरच धरण खऱ्या अर्थाने पुरे झाले असे म्हणता येईल.

आणखी एक बाकी आहे. धरण बांधून झाले की हिशेब संपला, असे आपण समजतो. खरे तर तो तेथून सुरू होतो. निजामसागर बांधून चाळीस-पंचेचाळीस वर्षेही झाली नव्हती, तोच त्यातली निम्म्याहून अधिक जागा गाळाने व्यापली. मग धरणाची उंची वाढवावी लागली. हा गाळ आला कोठून? मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. झाडे तुटली, बांध फुटले, की आपल्याच शेतांतली माती पावसाबरोबर खाली जाते. आपले शेत उघडे पडते आणि दूरच्या शेतकऱ्याचे धरण भरते, पण पाण्याने नव्हे, मातीने! याच मांजरेच्या काठच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. कारण लातूरला पाणी देणारे मांजरा धरण आटले होते. नुसते धरण असले म्हणजे पाणी असतेच असे नाही, हे त्या वर्षी सर्वांना कळले.

तुंगभद्रेचेही तसेच. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या धरणाच्या एका दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. साठवलेले पाणी नदीत वाहू लागले. शेतकऱ्यांच्या काळजाचे पाणी झाले. अभियंत्यांनी आणि कामगारांनी वाहत्या पाण्यात तात्पुरता दरवाजा बसवला, तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला. बांधणाऱ्याचे नाव होते, पण सांभाळणाऱ्याला कोण विचारतो? साखळीला वेळेवर तेल घालणारा, गंजलेली कडी ओळखणारा, रात्री पाण्याची पातळी वहीत टिपणारा माणूसही धरणाचा शिल्पकारच आहे.

अली नवाज जंग यांचा जन्मदिवस तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. ते ठाऊक व्हावे, असे मला वाटते. पण पुतळ्याला हार घालून त्यांचे ऋण फिटणार नाही. उर्दूत तुम्ही 'अमानत' म्हणता, मराठीत आम्ही 'ठेव' म्हणतो. धरण ही अशी ठेव आहे. एका पिढीने घाम गाळून, काहींनी आपले गाव देऊन ती दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवली आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी शेतकरी होईल, कोणी शिक्षिका होईल. पाणी मात्र सर्वांनाच लागणार. नळ सोडताना, शेताला बांध घालताना, मत देताना एवढेच आठवा : या पाण्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. तो आता आपल्या हाती आहे.