काट्याच्या जोडीला टेपही हवी

वेल्ह्याच्या खाचरांत दिवसभर वाकून भातलावणी करणाऱ्या बाईची उंची दीड मीटर आणि वजन ४० किलो असेल, तर तिचा बीएमआय येतो १७.८. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे, एवढाच हिशेब. १८.५ च्या खाली म्हणजे वजन कमी; अशा बाईला व्यायामाचे धडे कशाला, तिच्या ताटात डाळ-अंडी कशी येतील ते बघा. तिचाच मुलगा पुण्यात खुर्चीवर बसून काम करतो, त्याचा आकडा २२ भरतो आणि घरचे निर्धास्त होतात. गडबड इथेच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. बीएमआय सारखा असला तरी भारतीयांच्या अंगात चरबी जास्त असते, म्हणूनच त्यांच्यासाठी २५ ऐवजी २३ पासूनच जादा वजन धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की साखर तपासून घ्यावी. मग काटा काहीही म्हणो.

तिशीपुढच्यांसाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरतात, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहेच. तो नजरेच्या अंदाजाने भरला जाऊ नये. प्रत्येक आशाताईच्या पिशवीत एक टेप द्यायला कुठल्या मंजुरीची वाट पाहायची?