पाटे वाढवले, ब्रेकचे काय?



गावात जुनी पिकअप आली की मालक पहिले काम काय करतो? मागच्या चाकांवर दोन-दोन पाटे वाढवतो. दुसरे काम, हौदा उंच करतो, म्हणजे कापूस जास्त मावावा. तिसरे काम, टेप बसवतो. ब्रेकची आठवण होते ती घाटात.

हे दुसऱ्याला नावे ठेवायला लिहीत नाही. गोष्ट आमचीच आहे. २०१९ च्या डिसेंबरात आमच्या पिकअपमध्ये दुसऱ्या वेचणीचा कापूस भरून आम्ही बुलढाण्याहून मलकापूरला निघालो होतो. गाडी २००१ च्या नोंदणीची, पाटे वाढवलेले, वजन कागदावर लिहिल्यापेक्षा बरेच जास्त. कापसावर तीन माणसे बसलेली; बसवायला नको होती, पण बसवली. राजूर घाटात दुसऱ्या वळणानंतर ब्रेकचा पायडल कापसावर पाय ठेवल्यासारखा खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा खाली. गियर मागे घेतला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला मातीत घातली. वरच्या एकाचे गळ्याजवळचे हाड मोडले. तो आमचाच कार्यकर्ता. त्याने पुढे तक्रार केली नाही, म्हणून आमचा गुन्हा कमी होत नाही. उजव्या अंगाला गेलो असतो तर हा अंक दुसऱ्या कोणी लिहिला असता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ब्रेक ऑईलची डबी उघडली. आत चहाच्या रंगाचे पाणी. "साहेब, हे शेवटचे कधी बदलले?" आम्हाला आठवेना. कृषी पदवीला यंत्रांचा एक पेपर आम्हीही दिला होता. त्यात ट्रॅक्टरचे अश्वबल काढायला शिकवले, ब्रेक ऑईल बदलायला नाही.

ब्रेक ऑईल हवेतली ओल पिते. उघड्या पोत्यातला युरिया पावसाळी हवेत जसा ओल धरून दगड होतो, तशीच ही खोड आहे. नवे, कोरडे डॉट-३ ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ओल धरलेले ऑईल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतात, ऑईल उकळते, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑईल दाबले जात नाही. म्हणून पायडल खाली जातो आणि गाडी थांबत नाही. थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतो, आणि मालक म्हणतो, "काही नाही, जरा हवा धरली होती."

दुसरी गोष्ट मिस्त्रीनेच दाखवली. बऱ्याच पिकअपला मागच्या आखाजवळ एक वाल्व असतो. वजन पडून हौदा खाली बसला की तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. हौदा वर असला की गाडी रिकामी समजून ब्रेक कमी करतो. आता पाटे वाढवले की वजन टाकूनही हौदा खाली बसत नाही. वाल्वला वाटते गाडी रिकामी आहे. म्हणजे ज्या सुधारणेसाठी आपण पैसे मोजले, तिनेच भरल्या गाडीचा ब्रेक कापला! पाटे वाढवणाऱ्याने हे आम्हाला सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

आणि तिसरी चूक तर फुकट घडते. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणे. गाडी गियरमध्ये ठेवून एक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंप इंजिनाला डिझेल देणे जवळजवळ बंद करतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जातेच. इंजिन बंद करून उतरणाऱ्याच्या तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही थोड्या वेळात संपते. ज्या गियरमध्ये घाट चढतो, त्याच गियरमध्ये उतरावे हे जुने ड्रायव्हर सांगत. ते काही खोटे नव्हते.

मग काय, गाडी विकायची? नाही. जुनी पिकअप, महिंद्राची असो की टाटाची, पान्याने उघडते आणि पान्याने बंद होते. एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांना दोष शोधायला कॉम्प्युटर लावावा लागतो. आपल्या गाडीला डोळे आणि कान पुरतात. ही जमेची बाजू आहे, पण हात लावला तरच.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदला. काम दोन माणसांचे. एक पायडल दाबून धरतो, दुसरा चाकामागचा निप्पल अर्धा आटा सैल करतो आणि घट्ट करतो. घट्ट झाल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवा, म्हणजे बुडबुडे दिसतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करा आणि वरची डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळे पहिल्यापासून. डबीवर जो डॉट लिहिला असेल तोच डबा आणा, सील असलेला. इंजिन ऑईल किंवा ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑईल चुकूनही घालू नका. आतली रबरे फुगतात आणि सगळे किट बदलावे लागते. ड्रम उघडल्यावर आत ओले दिसले तर हात थांबवा, मिस्त्रीला बोलवा. काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या वावरात, बैलाच्या चालीने. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास नको, विटाही नकोत. वीट न सांगता फुटते. लाकडाचा जाड ठोकळा किंवा स्टँड ठेवा.

ब्रेकनंतर वायरी. कापूस वाहणाऱ्याला हे जास्त सांगायला हवे. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे आपल्यात कमी नाहीत. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. चांदी लावली की फ्यूज वाचतो, वायर जळते, आणि तिच्यावर दोन हात अंतरावर कापूस असतो. मागच्या दिव्याची वायर हौद्याच्या कडेला घासून उघडी पडली आहे का, एवढे हाताने चाचपून बघा. सायलेन्सरवर कडबा लोंबत नाही ना, तेही. सुधारणा करायचीच असेल तर बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. हेडलाइट मिणमिणत असतील तर जास्त वॅटचे बल्ब टाकू नका. रिले आणि जाड वायर टाकून बॅटरीचा पूर्ण दाब दिव्यापर्यंत न्या. त्याच बल्बचा उजेड वाढतो. आणि मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. जिनिंगच्या रांगेत रात्री रस्त्याकडेला उभी असलेली गाडी मागून येणाऱ्याला दिसली पाहिजे.

इंजिनाचे थोडक्यात. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत वारंवार साफ करा. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढा. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. ड्रिपच्या तोट्या ज्या क्षाराने बंद पडतात, तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. पंपाच्या सील केलेल्या स्क्रूला हात लावू नका. 'पंप वाढवून घेतला, गाडी पळते' असे सांगणाऱ्याच्या गाडीमागे जो काळा धूर असतो, ते त्याचे न जळलेले डिझेल आहे.

आता एका अफवेबद्दल. पंधरा वर्षांची गाडी सरकार भंगारात काढणार, असे सांगत दलाल गावोगाव फिरतात आणि कवडीमोलाने गाड्या उचलतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या ज्या गाड्यांची नोंदणी थांबली, त्या सरकारी मालकीच्या. दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा वाद दिल्ली परिसरातला. आपल्याकडे आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते आणि जुन्या गाडीची फी १ एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढली आहे, हे खरे. पण पासिंग झाले तर केवळ वयाने गाडी भंगार होत नाही. फक्त नोंदणी पुस्तकातल्या वर्णनापेक्षा गाडी वेगळी करू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्यासाठीच आहे. उंच हौदा आणि वाढीव पाटे तिथेच अडकतात.

स्पेअर पार्टचे दुखणे मात्र खरे आहे आणि ते आपल्यापुरते नाही. खुल्या बाजारात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारेही घेतली, आणि डिसेंबरात एक पोर्टलही काढले. पोर्टलने व्हील सिलिंडरचे किट तालुक्याला येत नाही. ते मागावे लागेल, आणि मागणाऱ्याला आपल्या गाडीत कोणता भाग आहे हे आधी माहीत असावे लागेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे मळतो. त्याच दिवशी पिकअपचे ब्रेक ऑईल बघायचे, असे आमच्या गावातल्या सात गाडीवाल्यांनी ठरवले आहे. वेचणी सुरू व्हायला तेव्हा अवकाश असतो. जिल्हा बैठकीला जे पिकअपने येतील त्यांनी जेवणानंतर थांबावे. एका गाडीचे ब्रेक ऑईल सर्वांसमोर बदलून दाखवू. रिकामी बाटली, हातभर पारदर्शक नळी आणि निप्पलला बसेल तो रिंग पाना सोबत आणावा. ऑईलचे डबे घाऊक आणून ठेवले आहेत, खरेदीच्या भावात मिळतील.