वाढीचा तक्ता आणि तालुक्याचा विकास

स्मरणिकेसाठी एखादा वैद्यकीय लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. बालदमा किंवा लसीकरणाचे वेळापत्रक यांवर लिहिणे मला सोपे गेले असते. परंतु सुमारे पंचवीस वर्षे बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात मुले तपासल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, माझ्या दवाखान्यातील निम्म्या आजारांचे मूळ शरीरात नसून गावाच्या अर्थव्यवस्थेत आहे. म्हणून आज थोडे क्षेत्राबाहेर जाऊन लिहितो. सुहृद वाचक क्षमा करतील, अशी आशा आहे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. चिंचोळीकडच्या एका तांड्यावरून एक आई आपल्या बावीस महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. तक्रार खोकल्याची होती. मुलीचे वजन सात किलोच्या आसपास आणि दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी. अशा मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवावे लागते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मी चिठ्ठी लिहू लागलो. तेव्हा ती म्हणाली, "साहेब, चौदा दिवस राहिले तर मुकादमाची गाडी चुकते. उचल घेतलीय, ती फेडायची कशी?" मी म्हणालो, "ताई, तिथे जेवण मिळते, बुडालेल्या मजुरीचेही थोडे पैसे मिळतात." ती हसली. त्या पैशांत उचल फिटत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. दोन दिवसांनी ते कुटुंब पुण्याकडे बांधकामावर निघून गेले. मी लिहिलेले औषध बरोबर होते. परंतु ते औषध घेण्यास लागणारी सवड माझ्या चिठ्ठीवर लिहिता येत नव्हती.

हा एका घराचा प्रश्न नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकातील पाच वर्षांखालील ३५.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती आणि ६५.५ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. कलबुर्गी आणि यादगीर या जिल्ह्यांतील खुजेपणाचे प्रमाण तर राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक होते. २००५ सालच्या राज्य मानव विकास अहवालातही रायचूर आणि गुलबर्गा हे जिल्हे अगदी तळाशी होते. एका पिढीचा काळ लोटला, तरी यादीतील जागा फारशी हललेली नाही.

असे का झाले, याचा विचार करताना इतिहास टाळता येत नाही. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यासह मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि आजचा औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. सीमारेषा कोणत्या भाषेच्या बाजूने पडली, याची चर्चा आपण पुष्कळ केली. परंतु जी बाजारपेठ शतकानुशतके एक होती ती तीन राजधान्यांत वाटली गेली आणि आपण तिघांच्याही टोकाला राहिलो, याची चर्चा कमी झाली. आजही औराद-भालकीचा शेतकरी भाव विचारतो तो उदगीर-लातूरचा, रुग्ण जातो तो हैदराबाद वा सोलापूरला, आणि अर्ज करतो तो बंगळूरला.

शहाबादी फरशी ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. आपल्या आजोळच्या स्वयंपाकघरात, वाड्याच्या ओसरीवर, शाळेच्या वर्गात तीच अंथरलेली असे. परंतु ते शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात आहे, हे किती जणांस माहीत असते? दगड गेला, नाव गेले. खाणीत दगड काढणाऱ्याच्या घरात मात्र फारसे काही आले नाही. तुरीचेही तसेच. कलबुर्गीला कर्नाटकाचा तुरीचा कटोरा म्हणतात. २०१९ साली येथील तुरीस भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव आयातीच्या धोरणावर हेलकावे खातो. २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली आणि पुढच्याच वर्षी मर रोगाने येथील उभे पीक वाळवले. बीदरचे सोयाबीन मोठ्या प्रमाणावर लातूरच्या तेलगिरण्यांकडे जाते. आपल्याकडे पिकते, इतरत्र प्रक्रिया होते आणि मोल तिकडे राहते. पीक काढून झाले की येथे काम उरत नाही. मग माणसेही पिकाच्या मागोमाग निघतात.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली राज्यातील १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले. त्यांतील अतिमागास ३९ तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात होते. दीर्घ आंदोलनानंतर घटनेत ३७१ (जे) हे कलम आले, २०१३ साली विकास मंडळ स्थापन झाले. या मंडळासाठी २०२२-२३ मध्ये ३,००० कोटी आणि २०२३-२४ मध्ये ५,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आले, बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २०१७ साली पूर्ण झाला, दोन्ही शहरांत विमानतळ झाले. या सर्वांचे मी स्वागतच करतो. परंतु मंजूर निधीतून प्रामुख्याने बांधकामे होतात, आणि बांधकाम पूर्ण झाले की त्या गावातील बाईला दुसऱ्या दिवशी काय काम, हा प्रश्न तसाच राहतो. रस्ता चांगला झाला की मुकादमाची गाडी लवकर पोचते, एवढाच फरक काही तांड्यांवर पडला आहे. हे विधान कठोर वाटेल, पण पाहिले ते लिहिले आहे.

मग उपाय कोणता? मोठा कारखाना येईल आणि सारे बदलेल, या आशेवर आपण फार वर्षे काढली. आलेले कारखानेही बंद पडतात, हे कलबुर्गीच्या एमएसके कापड गिरणीने दाखवून दिले. मला बालरोगतज्ज्ञ म्हणून एक लहान पण खात्रीची वाट दिसते, आणि ती मुलाच्या ताटातून जाते.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या भागातील कुपोषण ध्यानात घेऊन बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी आणि विजयपूर या सात जिल्ह्यांतील शाळांत मध्यान्ह भोजनासोबत अंडे देण्यास प्रारंभ झाला. काही धर्मगुरूंनी विरोध केला. जी मुले अंडे खात नाहीत त्यांस केळे देण्यात आले. पुढील वर्षी ही योजना राज्यभर लागू झाली. वैद्यकीय दृष्टीने या निर्णयाचे मोल मोठे आहे, कारण वाढत्या मुलास उत्तम प्रथिने इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशातून क्वचितच मिळतात. परंतु यात एक अर्थशास्त्रही दडलेले आहे. शाळा आणि अंगणवाड्या मिळून अंडी, दूध, डाळ यांची वर्षभराची खात्रीची मागणी प्रत्येक गावात उभी राहिली आहे. पाऊस पडो वा न पडो, हा गिऱ्हाईक दारात उभा आहे. मग ही अंडी दूरच्या मोठ्या कुक्कुटशाळांतूनच का यावीत? त्याच गावातील दहा बायकांच्या परसातून का येऊ नयेत? ही तूरडाळ त्याच तालुक्यातील छोट्या डाळगिरणीची का असू नये?

यावर माझे एक पशुवैद्य मित्र म्हणाले, "डॉक्टर, कागदावर हे फार गोंडस दिसते. मानमोडीची साथ आली की एका आठवड्यात कोंबड्या साफ होतात. उन्हाळ्यात अंडी निम्म्यावर येतात. मुख्याध्यापकाने त्या दिवशी मुलांना काय द्यायचे?" आक्षेप रास्त आहे. परसातील कोंबडी सांगून अंडी देत नाही, आणि मुलाचे अंडे चुकवून गावाचा विकास करण्याचा अधिकार कोणासही नाही. म्हणून सारी मागणी एकदम स्थानिक करावी, असे मी म्हणत नाही. प्रथम चतुर्थांश करावी, उरलेली व्यापाऱ्याकडूनच घ्यावी. जमले तर वाढवावी. या कामी लागणारे ज्ञान आपल्या दारात आहे. राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय बीदरलाच आहे. परसात वाढणारी गिरिराजा ही जात आज त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली असलेल्या बंगळूरच्या हेब्बाळ येथील महाविद्यालयात विकसित झाली. कर्जाची सवयही नवी नाही. बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने १९९० च्या दशकापासूनच महिलांच्या बचत गटांना कर्ज देण्यास आरंभ केला होता आणि त्या कामाची देशभर दखल घेतली गेली. बायकांनी पै-पै साठवली, कर्जे फेडली. त्यांच्यापाशी शिस्त होती, भांडवल होते. नव्हती ती खात्रीची बाजारपेठ. ती आता शाळेच्या रूपाने उभी आहे. दोन्ही बाजूंची गाठ कोणी घालून द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी गरज पाळणाघराची. आई कामावर जाते तेव्हा तान्हे मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. एकाचे पोषण जाते, दुसरीची शाळा. २०२३-२४ पासून राज्याने ग्रामपंचायतींतून 'कूसिन मने' या नावाने पाळणाघरे सुरू केली. आपल्या तालुक्यांत त्यांतील किती खरोखर चालतात, तेथे मुलांचे वजन दरमहा होते काय, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी महिन्यातून एक सकाळ दिली तरी पुरे. आणि येथे भाषेचा मुद्दाही आहे. भालकी, औराद, बसवकल्याण भागातील अनेक मातांना कन्नड वाचता येत नाही. माहितीपत्रक कन्नडसोबत मराठीतही असावे, एवढी मागणी कोणत्याही वादाशिवाय करता येते. तापात तोंडावाटे किती पाणी द्यावे, हे सांगण्यास राज्यभाषेच्या अभिमानाची आडकाठी नसावी.

आता थोडे आपल्याविषयी. कलबुर्गीत १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. बीदरचे शासकीय महाविद्यालय २००७ साली आणि कलबुर्गीचे २०१३ साली आले. ३७१ (जे) मुळे या भागातील संस्थांत ७० टक्के जागा स्थानिक मुलांस मिळतात. त्या जागांवर शिकून किती जण तालुक्याच्या गावी बसतात? मी कोणाकडे बोट दाखवत नाही. माझी स्वतःची मुलगी पदव्युत्तर शिक्षणानंतर बंगळूरलाच स्थिरावली, आणि 'परत ये' असे तिला म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. शहाबादची फरशी आणि कलबुर्गीची तूर बाहेर जाते म्हणून मी वर तक्रार केली. माझ्या घरातूनही तेच झाले आहे.

तरी जे येथे आहेत त्यांच्या हाती बरेच आहे. तालुक्याच्या गावातील एखादे मध्यम रुग्णालयही वीस-पंचवीस माणसांना काम देते, रोज धान्य, दूध, भाजी, धुलाई विकत घेते. ही खरेदी गावातून होते की हैदराबादच्या ठोक व्यापाऱ्याकडून, हे आपणच ठरवतो. परिचारिका म्हणून तांड्यावरील दहावी-बारावी झालेल्या मुलींना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमास पाठवून परत घेता येते. माझ्या दवाखान्यात अशा दोघी आहेत. त्यांपैकी एकीचे आईवडील गेल्या वर्षापासून पुण्याला जात नाहीत, कारण घरात दरमहा पगार येतो. धाकट्या भावाच्या लसी वेळेवर झाल्या, हे मी त्याच्या कार्डावर पाहिले.

बाराव्या शतकात याच कल्याणच्या भूमीवर महात्मा बसवेश्वरांनी 'कायक' आणि 'दासोह' ही दोन तत्त्वे सांगितली. श्रमाने मिळवावे आणि मिळवलेले समाजात वाटावे, असा त्यांचा ढोबळ अर्थ. आपण त्यांतील दासोह बऱ्यापैकी सांभाळला आहे; शिबिरे घेतो, औषधे वाटतो. परंतु ज्याला कायकच गावात मिळत नाही, त्याला आपल्या शिबिराचा लाभ घेण्यापुरतेही गावात राहता येत नाही.

म्हणून संस्थेपुढे एक विनंती ठेवतो. येत्या वर्षी एखादे मोठे शिबिर कमी घ्यावे. त्याऐवजी एक तालुका निवडून तेथील दहा शाळा, दहा बचत गट आणि पशुवैद्यकीय विद्यापीठ यांना एका बैठकीस बोलवावे, आणि वर्षभर त्या शाळांतील मुलांची उंची-वजने आपण घ्यावीत. प्रयोग फसला तर पुढच्या स्मरणिकेत तसेच प्रामाणिकपणे छापावे. चिंचोळीकडची ती मुलगी पुढच्या पावसाळ्यात, पेरणीला घरची माणसे परततील तेव्हा, पुन्हा येईल असे तिची आई म्हणाली आहे. तिचा वाढीचा तक्ता मी जपून ठेवला आहे. त्यावर सध्या एकच टिंब आहे.