मोबाईलमधलं दार

हल्ली प्रत्येक ऑफिसात दोन-चार तरी हौशी चित्रकार सापडतात. शनिवारी रंगपेटी काढायची, रविवारी रात्री चित्र ग्रुपवर टाकायचं, सोमवारी पुन्हा बग्ज. मीही त्यातलाच. आमच्या जमातीला विचारा, प्रेरणा कुठून मिळते? उत्तर ठरलेलं: फुलं, प्रवास आणि जुनी दारं. त्यावर नाकं मुरडणारेही ठरलेले. "कॅलेंडरछाप विषय! जरा काहीतरी स्वतःचं करा की."

या मंडळींना आधी मोकळं करतो. अमेरिकेची जॉर्जिया ओकीफ आयुष्यभर हेच करत होती. १९३२ साली तिने धोत्र्याचं एक फूल रंगवलं. होय, धोत्राच, आपण महादेवाला वाहतो त्याच जातकुळीतला. २०१४ च्या लिलावात ते चित्र ४ कोटी ४४ लाख डॉलरला गेलं. आणि न्यू मेक्सिकोत अबिक्यू नावाच्या गावी एका पडक्या मातीच्या घराच्या आतल्या अंगणात एक दार होतं. ते दार तिला हवं होतं, म्हणून तिने कित्येक वर्षं खटपट करून १९४५ मध्ये अख्खं घर विकत घेतलं आणि ते एकच दार वीसेक वेळा रंगवलं. तेव्हा विषय शिळा झाला वगैरे कुणी सांगू नये.

माझं खरं भांडण आहे ते आमच्याच लोकांशी. कारण दार बघतंय कोण? लाँग वीकेंडला गोव्याला जायचं, पणजीच्या फोंतेन्यशमध्ये दोन तासांत दोनशे फोटो मारायचे, घरी येऊन त्यातला एक स्क्रीनवर लावायचा आणि एसीत बसून रंगवायचा. वर "ट्रॅव्हल इन्स्पिरेशन" म्हणायचं. कसला ट्रॅव्हल? प्रवास फोनने केला, तुम्ही फक्त त्याला उचलून नेलंत.

हे नुसतं भावनिक रडगाणं नाही, आपण इंजिनियर लोक आहोत, तेव्हा जरा तपशिलात जाऊ. उन्हातली भिंत आणि तिच्यातलं उघडं दार यांच्या उजेडात प्रचंड फरक असतो. डोळा भिंतीवरून आत वळला की जुळवून घेतो. क्षणभराने आतला जिना दिसतो, वाळत घातलेला टॉवेल दिसतो. कॅमेरा भिंतीचं ऊन धरतो आणि आतला भाग काळा करून टाकतो. नवे फोन अनेक एक्स्पोजर जोडून सावली उजळतात खरे, पण मग ऊन आणि सावली दोन्ही एकाच बेचव राखाडी पातळीवर येतात. फोटोवरून रंगवणारा एक तर ट्यूबमधला काळा फासतो, नाहीतर ती राखाडी. दोन्हीकडे दार मेलेलंच.

पुण्यातल्या जुन्या वाड्याचंच घ्या. तिथलं खरं चित्र फळ्यांवरच्या नक्षीत नसतंच. रस्त्यावरच्या उन्हातून तुम्ही वाकून दिंडी दरवाज्यातून आत शिरता, मध्ये देवडीचा गारेगार अंधार, आणि त्यापलीकडे चौकातला उजेड. ऊन, अंधार, परत ऊन. उंबरठा मधोमध झिजलेला, कारण पिढ्यान् पिढ्या पाय तिथेच पडले. हे फोटोत येत नाही. फोटोत येते गणेशपट्टी आणि कडी-कोयंडा. म्हणून आमची चित्रं त्या हॉटेलांसारखी होतात, जिथे पाडलेल्या वाड्याचा दरवाजा आणून रिसेप्शनच्या भिंतीला ठोकलेला असतो. मागे भिंत!

फुलांचंही तेच. जास्वंद किंवा पळस मोबाईलने टिपा, सेन्सरचा लाल चॅनेल भरून वाहतो आणि पाकळीवरची शीर न् शीर पुसली जाते. उरतो एक लाल डाग. शिवाय फुलाला वेळ असते. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. तिच्यासमोर बसलात तर उमलताना बघाल. फोटोत ती कायमची साडेपाचवर अडकलेली.

"पण ऊन बदलतं, तेवढा वेळ कुठाय?" ऊन तर मोनेलाही बदलत होतं. १८९२ आणि ९३ मध्ये तो रूआँच्या कॅथेड्रलसमोर खोली घेऊन बसला. ऊन हललं की कॅनव्हास बदलायचा. त्या एका दर्शनी भागाची तीसेक चित्रं झाली. शेवटचे हात त्याने घरी जाऊन मारले हे खरं, आणि ओकीफनेही तिच्या दाराचे फोटो काढले होते, हेही खरं. पण ती त्या दारासमोर राहत होती हो! तुमची भेट सव्वा सेकंदाची. आणि वेळेचं म्हणाल तर दोनशे फोटोंच्या वेळात वहीत चार दारं होतात. वाकडी होतील. होऊ देत. फोनची वाइड लेन्स तरी कुठे चौकट सरळ ठेवते?

आणखी एक. फोंतेन्यशच्या रहिवाशांना आपल्या दारात चालणाऱ्या फोटोशूटचा उबग आलाय, आणि तो रास्त आहे. दार हा त्यांचा बॅकड्रॉप नाही, घर आहे. तेव्हा दार काढायचं तर आधी विचारा, मग बाजूला पायरीवर गप बसून काढा.

गोवा लांब पडत असेल तर कसबा पेठेत अजून काही दिंडी दरवाजे उभे आहेत. किती दिवस, ते बिल्डरला माहीत. सकाळी आठच्या आत जा. नंतर समोर स्कूटरी लागतात, आणि मग चाकंच काढत बसावी लागतात.