सावली कोणाच्या वाट्याची?

उन्हाळा आला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सुती कपडे घाला. सल्ला चुकीचा नाही. पण तो कोणासाठी, हा आमचा प्रश्न आहे.

माणूस जेथे राहिला तेथल्या उन्हाशी त्याने जुळवून घेतले. राजस्थानात जाड भिंती, इराणात वारा घरात ओढणारे मनोरे, स्पेनमध्ये दुपारची विश्रांती. विदर्भाच्या कोरड्या उन्हात डोक्याला दुपट्टा आणि घरात कूलर. तोच कूलर मुंबईच्या दमट हवेत निकामी ठरतो, कारण तेथे अंगावरचा घामही वाळत नाही. म्हणून आकडा कमी दिसला तरी किनारपट्टीचे ऊन जीव घेते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात सरकारी पुरस्कार सोहळ्याला आलेली १४ माणसे दगावली, हे विसरून चालणार नाही.

ऊन कोठलेही असो, त्यापासून वाचायला सावली, पाणी आणि विश्रांती लागते. नेमक्या याच तीन गोष्टी या व्यवस्थेने सारख्या वाटलेल्या नाहीत. तळ्यातल्या पाण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला. आज पत्र्याच्या झोपडीत कोण राहतो, भरदुपारी रस्ता कोण झाडतो, वीटभट्टीवर कोण राबतो? त्याने सल्ला ऐकून घरी बसायचे, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा आला. पुढे इतर शहरांनीही आराखडे केले. चांगलेच झाले. पण आराखडा सूचना देतो, ठेकेदाराला बांधत नाही. कतारमध्ये परदेशी मजुरांच्या हालांवर जगभर टीका झाली, तेव्हा २०२१ मध्ये तेथील सरकारने बंदीची मुदत वाढवली. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरचे काम बंद! राजेशाहीला जे करावे लागले, ते लोकशाहीला का जमू नये?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ मध्ये झाला. ती कोणाची मेहेरबानी नव्हती. उघड्यावर राबणाऱ्यांना तोच न्याय हवा. भरदुपारी काम बंद, मजुरी चालू, कामाच्या जागी सावली आणि पिण्याचे पाणी. कामगार संघटनांनी हे मागणीपत्र उन्हाळा सुरू होण्याआधीच ठेकेदाराच्या आणि पालिकेच्या टेबलावर ठेवावे. उष्माघाताने माणूस गेल्यावर मिळणाऱ्या मदतीच्या धनादेशाची वाट पाहत बसू नये.