राखेचे माहेर

परदेशी जाऊन आलेल्या माणसापासून सहा महिने लांब राहावे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. त्याच्या खिशात छायाचित्रे असतात आणि तोंडी सारखे 'तिकडे असं नसतं हो' असते. त्यातून तो मराठीचा प्राध्यापक असला तर मग विचारूच नका. वर्गात निदान घंटा होते आणि मुले सुटतात. दिवाणखान्यात कोण सोडवणार? म्हणूनच २०२४ सालच्या मे महिन्यात सहकुटुंब अठरा दिवस इंडोनेशिया हिंडून आल्यावर मी माझ्यापुरता हा नियम पाळला आणि सहा महिने तोंड मिटून बसलो. ती मुदत संपली आहे. वाचकहो, आता तुमची सुटका नाही!

जाण्याआधी प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "इंडोनेशियाच का?" सिंगापूर स्वच्छ आहे, स्वित्झर्लंडात बर्फ आहे, दुबईत मेव्हणा आहे. मी उत्तर देई, "आमच्या गावच्या राखेचे माहेर तिथे आहे." हे ऐकून विचारणारा माझ्याकडे न पाहता आमच्या सौभाग्यवतीकडे सहानुभूतीने पाही.

आमचे गाव बोरी बुद्रुक. जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी. 'बुद्रुक' म्हणजे फारसीतला 'बुजुर्ग', थोरला. म्हणून आम्ही थोरले आणि बोरी खुर्दवाले धाकटे. कांदा, ऊस, द्राक्षे आणि अलीकडे उसात लपणारा बिबट्या, एवढे आमचे वैभव. याखेरीज नदीच्या दरडीत एक भुरकट पांढरा थर आहे. आमच्या लहानपणी आई मला पाटी देऊन तिथे पिटाळी. ती माती पिठासारखी मऊ, पण चिमटीत चोळली की बारीक करकरे. आई तिने रोजची भांडी घाशी. पातेल्याच्या बुडाची काजळी त्या मातीपुढे टिकत नसे.

मी शाळकरी असताना, १९८०नंतरच्या त्या दशकात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची संशोधक मंडळी त्या दरडीपाशी येऊ लागली. आम्ही पोरे त्यांच्या मागे मागे. एकाने मला भिंगातून आईची भांड्याची माती दाखवली. आत काचेच्या बारीक चिंध्या चमकत होत्या! ती माती नव्हतीच. ती ज्वालामुखीची राख होती, आणि तिच्या सोबतीला आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली होती. पुढे तिच्या वयावरून पंडितांत जुंपली. कोणी तिला चौदा लाख वर्षांची ठरवली, कोणी पावणेसात लाखांची, कोणी अवघ्या पंचाहत्तर हजारांची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सात-आठ लाखांचा आकडा निघाला. वयावर भांडण, पण तिचे माहेर म्हणून बोट दाखवले जाते ते सुमात्रा बेटावरच्या टोबाकडे. टोबाचा डोंगर एकदा नव्हे, अनेकदा फुटला आहे. म्हणजे सव्वातीन हजार किलोमीटरांवरून वाऱ्यावर आलेल्या राखेने आमची पातेली उजळत होती.

हे वेड तीस वर्षे डोक्यात होते. पैसे साठायला मात्र वेळ लागला, आणि साठले तेव्हा दुसरा गिऱ्हाईक दारात उभा राहिला. गावच्या घराची मागची मातीची भिंत फुगली होती. आई तिथे एकटीच राहते. पुण्याच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव रमत नाही. भिंत की प्रवास, असा प्रश्न होता. मी चाचरत तिच्याकडे विषय काढला.

"आरं, भिंत अजून दोन पावसाळं काढील," आई म्हणाली. "तुझं गुडघं काढतील का? जा, जाऊन ये. आन् ती राख कुठनं आली ते नीट बघून ये. मला सांगाया कोन बी आलं न्हाई."

मी निघालो. निघताना माझ्या मनात एक हळवी कल्पना आली. कुंकवाच्या जुन्या डबीत बोरीची चिमूटभर राख न्यावी आणि टोबाच्या काठी ठेवावी. सौ.ने डबी उघडून पाहिली मात्र! "अहो, विमानतळावर पांढरी पूड घेऊन जाणार तुम्ही? त्या देशात अमली पदार्थांना देहदंड आहे! साहेबाला काय सांगणार, आईची भांड्याची माती?" डबी देवघरात राहिली. काव्य आणि संसार यांच्या भांडणात काव्य कधी जिंकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मेदानच्या विमानतळावर प्रवेशपत्राचे पाच लाख रुपये मागितले, तेव्हा माझा हात छातीवर गेला. कन्येने हिशेब करून सांगितले की त्यांचे पाच लाख म्हणजे आपले अडीच-पावणेतीन हजार. मग मीही दोन दिवस लखपती होऊन हिंडलो; शहाळ्याला वीस हजार देताना फार मोठे झाल्यासारखे वाटते.

मेदानहून पारापातपर्यंत मोटारीने चार-पाच तास. तिथून लाँच. टोबा हे सरोवर म्हणून ऐकले होते, पण डोळ्यांपुढे आला तो समुद्रच. लांबी शंभर किलोमीटर, रुंदी तीस, खोली काही ठिकाणी पाचशे मीटर, आणि हे सगळे समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर! पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटातले दोन हजार घन किलोमीटरांहून अधिक द्रव्य बाहेर पडले, पोट रिकामे झाले आणि वरचे छप्पर खाली बसले. त्या खळग्यात पाणी भरले. पुढे खालून दाब आला तसा तळाचा एक भाग पुन्हा वर उचलला गेला. तेच सामोसीर बेट. बेटाच्या पोटात सरोवर, सरोवराच्या पोटात बेट. आमच्या व्याकरणात असा समास नाही.

सामोसीरवरच्या ज्या वस्तीत आम्ही चार दिवस उतरलो, तिचे नाव टुकटुक. "टुकटुक माकड!" म्हणून कन्या लाँचमध्येच ओरडली. इथले लोक बाताक. त्यांची जुनी घरे लाकडी खांबांवर उभी, छपराची दोन्ही टोके होडीसारखी आभाळात गेलेली. भेटले की 'होरास!' म्हणतात, आणि असे म्हणतात की समोरचा कितीही थकला असला तरी त्याला हसूच यावे. सरोवराच्या उत्तर टोकाला सिपिसोपिसो नावाचा सव्वाशे मीटरांच्या आसपास उंचीचा धबधबा आहे. त्याच्या पायथ्यापर्यंत शेकडो पायऱ्या उतरलो. वर येताना आईचे गुडघ्याविषयीचे मत किती अचूक होते, ते कळले.

वाटेत रस्त्याकडेला फिकट रंगाचे उंच कडे कापलेले दिसले. मोटार थांबवून मी एका कड्याला हात लावला आणि चिमूटभर पूड चोळली. करकर! तीच. मात्र इथली जाडीभरडी, खड्यांची. बोरीपर्यंत आली ती वाऱ्याने चाळून आणलेली, वस्त्रगाळ. दळायचे काम यांच्याकडे झाले होते. चाळणीतून पडलेले पीठ आमच्या वाट्याला आले.

घरमालकीण साठीच्या बाई. तिकडे मोठ्या बाईला 'इबु' म्हणतात. इबु म्हणजे आई. त्यांची मुलगी कॉलेजात, म्हणजे त्यांच्या भाषेत 'महासिस्वा'. आमचा महाशिष्यच तो! खुद्द भाषेला 'बहासा'. नवऱ्याला 'सुआमी', बायकोला 'इस्त्री'. गुरू तो गुरूच. पण गंमत पुढे आहे. आपला 'संसार' तिकडे 'सेंगसारा' होतो आणि त्याचा अर्थ हालअपेष्टा. सौ.ला मी हे उत्साहाने सांगितले; ती म्हणाली, "त्यात नवीन काय?" आणखी एक शब्द माझ्या मनात रुतला. आपण ज्याला नगर म्हणतो त्यावरून त्यांचा 'नेगारा', म्हणजे राष्ट्र. आणि आपण ज्याला देश म्हणतो तो त्यांचा 'देसा', म्हणजे खेडे. माझा देसा बोरी बुद्रुक. आईपुढे हा अर्थ मांडला असता तर तिने त्यात काहीच चूक काढली नसती.

मुलीला मध्यस्थ घालून मी इबुंना राखेची हकीकत सांगितली. त्या भांडी घासत होत्या. तारेची घासणी आणि बाटलीतला साबण. त्यांनी हात थांबवला, हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मुलीने अर्थ सांगितला, "आई म्हणते, मग तुम्ही शेजारीच की."

तिथून विमानाने जावा बेटावर योग्यकर्त्याला आलो. बोरोबुदूर पाहिले. बाराशे वर्षांपूर्वीचा तो दगडी डोंगर. भिंतींवर बुद्धचरित्र कोरलेले, पाचशे चार बुद्धमूर्ती, वर जाळीदार स्तूपांची वर्तुळे. हाही शतकानुशतके राखेत आणि रानात हरवला होता. २०१० साली मेरापी पर्वत फुटला तेव्हा त्याच्यावर पुन्हा राख बसली आणि माणसांनी ती झाडून काढली. हल्ली दगड झिजू नये म्हणून वर चढणाऱ्याला खास चपला देतात. त्यांचे नाव 'उपानात'. संस्कृतातला 'उपानह' मी पुस्तकाबाहेर प्रथमच पाहिला, तोही स्वतःच्या पायात! रात्री प्रांबाननच्या शिवमंदिराच्या पार्श्वभूमीवर रामायण नृत्यनाट्य पाहिले. १९६१पासून ते चालू आहे, आणि करणारे बहुतेक मुसलमान. सीताहरणाच्या वेळी माझ्या शेजारची बुरखेवाली आजी डोळे पुसत होती.

मग आला ब्रोमो, म्हणजे ब्रह्मा. पूर्व जावातला जागता ज्वालामुखी. रात्री दीडला उठून, जीपमध्ये हाडे मोजत पेनांजाकानच्या माथ्यावर गेलो. थंडीने दात वाजत होते. सूर्य वर आला तशी खाली राखाडी वाळूची सपाट दरी उजळली आणि तिच्या मधोमध धूर सोडणारे विवर दिसू लागले. मी कन्येला काही सांगणार, इतक्यात खिशातला फोन थरथरू लागला. गावाहून चुलतभावाचे पाच निरोप. रात्री वळवाचा मोठा पाऊस झाला. मागची भिंत पडली.

हात गार पडले. ते थंडीने नव्हे. फोन लावला. तिकडे अजून पहाट होती. आईनेच उचलला.

"आई, भिंत पडली?"

"पडली. जुनी व्हती, पडली."

"तू कुठे होतीस?"

"वट्यावर. लई उकडत व्हतं, म्हनून बाज भाईर टाकली व्हती."

उकडत नसते तर? तिची बाज एरव्ही त्याच भिंतीला लागून असते. हे तिने म्हटले नाही, मीही म्हटले नाही. "मी उद्याच निघतो," एवढेच म्हणालो.

"निघून काय करनार? तू काय गवंडी हाईस? चांगली मानसं हायेत हितं. डोंगर चढलास का?"

"नाही. आता चढायचा आहे."

"मंग चढ. अर्ध्यातनं माघारी येऊ नको."

वाळूची दरी ओलांडून आम्ही विवराच्या अडीचशे पायऱ्या चढलो. वर गंधकाचा दर्प, कठड्याशी गणपतीची मूर्ती, आणि खाली विवरात अखंड घरघर. त्या कठड्याला धरून मी उभा होतो आणि मला डोंगर दिसत नव्हता. आई म्हणाली होती 'दोन पावसाळे', भिंतीने एक वळीवही काढला नाही. पण वाचकहो, खरे सांगतो, भिंत मी डोळ्यांनी पाहिली होती. तिचा फुगवटा मला दिसला होता. मी आईच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणे माझ्या सोयीचे होते.

बाली बेटावरचे दिवस चांगले गेले असे घरची मंडळी म्हणतात. जातिलुविहची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे मी पाहिली. तिथे 'सुबक' नावाच्या शेतकऱ्यांच्या संस्था देवळाच्या साक्षीने पाण्याची वाटणी करतात, आणि वरच्या शेताला मिळालेले पाणी खालच्यालाही पोचते. कुकडीच्या कालव्याच्या आवर्तनावरून आमच्याकडे होणारी भांडणे आठवून मला त्यांचा हेवा वाटला. एवढे सोडले तर माझे चित्त परतीच्या तिकिटात होते.

परतल्यावर पुण्यात न थांबता थेट गावी गेलो. मागची भिंत विटांची झाली होती. भावकीतल्या पोरांनी माती उपसली, गवंड्याने उधारीवर काम केले. प्रवासातून उरलेले पैसे मी त्याला दिले. पुढच्या प्रवासासाठी साठवायला अजून सुरुवात केलेली नाही. आधी छप्पर.

संध्याकाळी आई ओट्यावर बसली. मी तिला सगळे सांगितले. डोंगर कसा फुटला, छप्पर कसे खाली बसले, राख कशी उडाली. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी तितं येवढं वाट्टोळं झालं, आन् आपन तिनं भांडी घासली."

मी काही बोललो नाही.

"त्या बाईला ठावं व्हतं का?"

"नव्हतं. मी सांगितलं."

"मंग काय म्हनली?"

"म्हणाल्या, शेजारीच की."

आई थोडा वेळ नव्या भिंतीकडे पाहत राहिली. "बरं केलंस सांगितलंस त्ये," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.