मागच्या चाकाची दुसरी सही



मागील महिन्यातील एका दुपारची गोष्ट. माझा भाचा पाथर्डी रस्त्यावरील गावांतून वसुली करून परतताना आमच्या घरी थांबला. चहा होईपर्यंत मी अंगणात त्याच्या मोटारसायकलीजवळ उभा होतो. सहज लक्ष मागच्या चाकाकडे गेले आणि तेथेच खिळले. चाकाच्या आसाच्या टोकाला, नटाच्या जरा पलीकडे, एक बारीक आडवे छिद्र असते. त्या छिद्रात दुमडलेली पिन दिसावयास हवी होती. छिद्र रिकामे होते.

मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "परवा रस्त्यात पंक्चर काढून घेतले, मामा. नट तर त्यांनी चांगला आवळून दिला आहे." पाना लावून पाहिले. नट जवळजवळ अर्धा फेरा सैल झाला होता. त्याच संध्याकाळी तो धाकट्या मुलीला मागे बसवून नेवाशाला जाणार होता. त्या क्षणी आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

आपल्या व्यापारी घरांत दुचाकी ही चैनीची वस्तू नव्हे. मार्केट यार्डापासून आडते बाजारापर्यंत आणि तेथून खेड्यांतील दुकानांपर्यंत मालाचे नमुने, वसुली, मुलांची शाळा, सारे तिच्यावरच चालते. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली, आणि या कंपनीचा कारखाना आपल्याच नगरला दौंड रस्त्यावर उभा राहिला, याचा अभिमान आपण बाळगतो. तेव्हा ज्या आसावर मागचे चाक उभे असते, तो जागच्या जागी कसा राहतो, एवढे तरी घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

पहिली गोष्ट ही की चाक फिरते, पण आस फिरत नाही. आस म्हणजे एक लांब पोलादी दांडा. गॅरेजात ज्याला चिमटा म्हणतात, त्याच्या दोन्ही बाहूंच्या खाचांतून तो आरपार जातो. मध्ये चाकाच्या बेअरिंगा, त्यांना योग्य अंतरावर ठेवणाऱ्या नळ्या आणि ब्रेकची थाळी असते. एका टोकाला आसाचे डोके आणि दुसऱ्या टोकाला नट. नट आवळला की पोलादी दांडा केसभर ताणला जातो आणि ताणलेल्या रबरासारखा मागे आकसू पाहतो. त्या ओढीने चिमट्याचे बाहू, नळ्या आणि बेअरिंगांची आतील कडी एकमेकांवर घट्ट दाबली जातात. आस जागेवर राहतो तो मुख्यतः या दाबामुळे व त्यातून येणाऱ्या घर्षणामुळे.

म्हणूनच नट किती आवळावा याचा ठरलेला आकडा असतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत तो न्यूटन-मीटर या मापात दिलेला असतो आणि प्रत्येक गाडीचा निराळा असतो. समजा तो ६० आहे. याचा अर्थ असा की एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलो वजन टांगल्यावर जेवढा जोर येईल, तेवढा. कमी आवळला तर दाब अपुरा पडतो. बेसुमार आवळला तर आटे खराब होतात.

मग घट्ट नट सैल कसा होतो? १९६९ साली गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी दाखवून दिले की जोडलेले भाग आडव्या दिशेने पुन्हा पुन्हा किंचित सरकू लागले, की नट आपोआप उलटा फिरू लागतो. आपल्या रस्त्यांवरील खड्डे, मागे बांधलेले पोते, ब्रेकचा झटका, साखळीची ओढ, हे सारे आसाला तशाच हालचाली देत असतात. पुरेसा दाब असेल तोवर भाग सरकत नाहीत. दाब कमी असेल, तर प्रत्येक खड्डा आपले काम करीत राहतो.

यासाठी दुसरी तजवीज. काही गाड्यांत नटाच्या माथ्यावर किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात. खाच आणि आसाचे छिद्र समोरासमोर आणून त्यांतून पिन घालतात व तिची टोके दुमडतात. खाच जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत किंचित अधिक आवळावा. जुळवण्यासाठी सैल मात्र करू नये. काही गाड्यांत पिनेऐवजी नटाच्या आत नायलॉनचे कडे असते, ते आट्यांना धरून ठेवते. वारंवार काढल्याने हे कडे झिजते, तेव्हा नट बदलावा. पिनही एकदा काढली की पुन्हा वापरू नये. दुमडून सरळ केलेली तार पुन्हा दुमडताना तुटू शकते.

येथे मला माझी बँकेतील नोकरी आठवते. व्हाउचर एकाने लिहावे आणि दुसऱ्याने तपासून सही करावी, असा आमचा नियम. दुसरी सही पहिल्याच्या कामाची भरपाई करीत नाही. ती फक्त चूक पुढे जाऊ देत नाही. पिनेचेही तसेच आहे. पिन नटाला घट्ट ठेवीत नाही. सैल नटात पिन घातली तर ती न वाचता केलेल्या सहीइतकीच निरुपयोगी. तिचे काम एवढेच, की काही कारणाने नट सैल झालाच तर तो निसटून पडू नये आणि आपल्याला चूक लक्षात येण्यास अवधी मिळावा. आवळणे हे पहिले काम, पिन हे दुसरे, दोन्ही हवीत.

आणखी दोन जागा तपासाव्यात. साखळी ताणण्याचे बोल्ट आसाला पुढे-मागे करतात व त्याची जागा ठरवतात. आसाला बांधून ठेवण्याचे काम नटाचेच. साखळी ताणल्यावर चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, हे पाहावे. नाहीतर चाक तिरके बसते. पुष्कळ गाड्यांत साखळीच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो. साखळी ताणताना तोही सैल केला जातो आणि आवळावयाचा राहून जातो. दुसरी जागा ब्रेकच्या थाळीला रोखून धरणाऱ्या दांडीची. ड्रम ब्रेकच्या गाडीत तिचा नट निसटला, तर ब्रेक दाबताच थाळी चाकाबरोबर फिरू पाहते आणि चाक अचानक अडकू शकते.

भाच्याची गाडी आम्ही ढकलतच कोपऱ्यावरील गॅरेजात नेली. मिस्त्रींनी चाकाची रेषा जुळवली, नट मापाने आवळला आणि नवी पिन घातली. पिनेचे पैसे घ्यावयासही ते तयार नव्हते. नेवाशाचा प्रवास दुसऱ्या दिवसावर गेला, एवढेच नुकसान.

रात्री दुकान बंद करताना आपण गल्ला मोजतो, कुलूप लावतो आणि कुलूप ओढूनही पाहतो. तशीच सवय पंक्चर काढल्यानंतर लावून घ्यावी. गाडी हाती घेण्यापूर्वी खाली वाकावे, नट पाहावा, पिन पाहावी, ब्रेकची दांडी पाहावी. अर्धे मिनिट लागते. घरातील तरुणांना हे सांगा, आणि गाडी चालवणाऱ्या मुली-सुनांनाही अवश्य सांगा.